मागून घेतलेली दोन वर्षं

चित्रकलेची पदवी हातात पडली की पुण्यातली मुलं एका प्रश्नापाशी अडतात. आणखी दोन वर्षं पदव्युत्तर शिक्षण घ्यायचं, की आता कामाला लागायचं? या प्रश्नाला दोन प्रामाणिक उत्तरं आहेत आणि ती एकमेकांच्या विरोधात जातात. दोन्ही नीट ऐकता यावीत म्हणून ती इथं एका मामा-भाचीच्या तोंडी घातली आहेत. मामा शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले; ए.टी.डी. ही कलाशिक्षकाची पदविका आणि उभ्या आयुष्याचा जलरंगांचा सराव ही त्यांची शिदोरी. भाचीनं पुण्यात बी.एफ.ए. केलं आणि महाराष्ट्राबाहेर जाऊन प्रिंटमेकिंगमध्ये पदव्युत्तर पदवी घेतली. विषय आहे मामांच्या एका जुन्या विद्यार्थिनीचा. ती बी.एफ.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. मंडईतल्या हमालांची चित्रं ती लिनोकटमध्ये कोरते. वडिलांचा मंडईत भाजीचा गाळा आहे. तिला पुढं अर्ज करायचा आहे.

मामा : तिचे वडील येऊन गेले. त्यांनी नेमका प्रश्न विचारला, "सर, आणखी दोन वर्षं घातल्यावर हातात काय येईल?" मी खोटं कशाला सांगू? शाळेत लागायचं तर ए.टी.डी. बघतात, एम.एफ.ए. नाही. जाहिरातीत, ॲनिमेशनमध्ये काम बघून घेतात, गुणपत्रिका बघून नाही. राहिलं कॉलेजात शिकवणं. तिथं पदव्युत्तर पदवी लागते, वर नेटसारखी पात्रता परीक्षा लागते आणि त्यानंतर जागा निघावी लागते.

भाची : नोकरीसाठी ही पदवी घेऊ नकोस, हे मी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं.

मामा : मग कशासाठी घ्यायची? चित्राला हात लागतो आणि हात कामानं तयार होतो. बेळगावात के. बी. कुलकर्णींच्या हाताखाली मुलं घडली ती रोज समोर बघून काढत राहिली म्हणून. रवी परांजपे त्यांच्यातलेच. इलस्ट्रेशनमध्ये नाव केलं, पुण्यात स्थायिक झाले, २०२२ मध्ये गेले. आत्मचरित्राचं नाव ‘ब्रश मायलेज’. आपल्या पुण्यातले मिलिंद मुळीक बघ. इंजिनिअरिंग शिकलेला माणूस. आज जलरंग म्हटलं की मुलांच्या तोंडी पहिलं नाव त्यांचं. आणि सुधीर पटवर्धन? जन्म पुण्यातला, १९४९ चा. शिकले ए.एफ.एम.सी.त, १९७२ मध्ये डॉक्टर झाले. ठाण्यात रेडिओलॉजिस्टचं काम सांभाळून ‘इराणी रेस्टॉरंट’, ‘लोअर परळ’ अशी चित्रं काढली. चित्रकलेची एकही पदवी नाही. आपल्या शहरांतला कष्टकरी माणूस त्यांच्याइतका नीट कुणी रंगवलाय, सांग.

भाची : त्यांच्या चित्रांबद्दल आपलं दुमत नाही. पण तू घेतलेली नावं परत एकदा बघ. मुळीकांकडं इंजिनिअरिंगची पदवी होती. पटवर्धनांकडं वैद्यकाची. २००५ पर्यंत ते रेडिओलॉजिस्ट होते, त्यानंतर पूर्ण वेळ चित्रकलेला दिला. ज्याच्याकडं दुसरी पदवी असते त्याला चित्रकलेच्या पदवीवाचून अडत नाही, मामा. त्याचं पोट आणि त्याची पत दुसरीकडं भक्कम असते. गाळेवाल्याच्या मुलीकडं दुसरं काय आहे?

मामा : हे मी असं कधी पाहिलं नव्हतं. पण परांजप्यांचं काय?

भाची : परांजप्यांना गुरू मिळाला. रोज काम बघणारी, चूक दाखवणारी नजर मिळाली. पटवर्धनांनाही ती मिळालीच होती. १९८१ मध्ये ‘प्लेस फॉर पीपल’ नावाचं प्रदर्शन मुंबई-दिल्लीत झालं. जोगेन चौधरी, भूपेन खख्खर, नलिनी मलानी, गुलाम मोहम्मद शेख, विवान सुंदरम आणि पटवर्धन असे सहा जण त्यात होते. बरोबरीनं बघणारी आणि वाद घालणारी माणसं त्यांना भेटली होती. त्या सहांतले खख्खर तर चार्टर्ड अकाउंटंट. हिशेब तपासता तपासता १९६२ मध्ये बडोद्याला गेले आणि कलासमीक्षेच्या अभ्यासक्रमाला नाव घातलं. चित्रकलेच्या नव्हे, समीक्षेच्या. हिशेबाचं काम पुढंही चालू ठेवलं. त्यांना विद्यापीठाकडून रंग कसा लावायचा हे शिकायचं नव्हतं. त्यांना अशा माणसांत राहायचं होतं, ज्यांच्या दिवसाचा मुख्य विषय चित्र हाच असतो.

मामा : अशी माणसं पुण्यात नाहीत, असं म्हणायचंय का तुला? बालगंधर्वच्या कलादालनात सतत कुणाचं ना कुणाचं प्रदर्शन असतं. घोले रोडला राजा रविवर्मा कलादालन आहे, शनिवार पेठेत सुदर्शन आहे.

भाची : भिंती आहेत आणि चित्रंही आहेत. पण अभिप्रायाच्या वहीत "अप्रतिम" आणि "पुढील वाटचालीस शुभेच्छा" याच्या पुढं कोण लिहितं? तिच्या हमालांच्या पाठी एवढ्या मोठ्या का, डोकी एवढी लहान का, हे तिला कुणी विचारलं?

मामा : मी विचारलं. मला त्या पाठी खटकतात. प्रमाण चुकलंय असं मी तिला सांगितलं.

भाची : तू सांगितलंस, म्हणून तर ती विचार करायला लागली. पण तू चूक म्हणून थांबलास. दुसरा कुणी म्हणेल, अजून मोठी कर, चेहरा दिसेनासा होऊ दे. तिसरा विचारेल, ही पाठ कोण बघतंय, गाळ्यावर बसलेली मुलगी की रस्त्यावरचं गिऱ्हाईक? एका नजरेला माणूस शरण जातो किंवा तिच्यापासून पळतो. पाच-सात नजरा एकदम आल्या की त्याला स्वतःची बाजू शोधावीच लागते. चांगल्या विभागात दोन वर्षं हेच चालतं. काम भिंतीवर लावायचं, इतरांनी बोलायचं, आपण ऐकायचं आणि दुसऱ्या दिवशी परत स्टुडिओत जायचं.

मामा : आणि त्यातून चित्रापेक्षा भाषण मोठं होतं. मी पाहिलेत असे पदवीधर. चित्रासमोर उभं राहून पाऊण तास बोलतात आणि चित्रात हात काढता येत नाही.

भाची : असे असतात. पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा हा खरा धोका आहे. पण त्यावर उपाय कमी बोलणं हा नव्हे, जास्त नेमकं बोलणं हा आहे. चित्रकार प्रभाकर बरवे यांचं ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तक तुझ्या कपाटात आहे. चित्रकार प्रभाकर कोलते मुंबईच्या जे.जे. कला महाविद्यालयात वर्षानुवर्षं शिकवत राहिले आणि मराठीत चित्राबद्दल लिहीतही राहिले. त्या दोघांचं लिहिणं चित्राला झाकत नाही.

मामा : बरं. पण तिला प्रिंटच काढायचेत तर ते घरी काढता येतील. लिनो, कोरणी आणि एक रूळ, एवढ्यात भागतं.

भाची : लिनोचं भागतं. एचिंगचं कसं भागेल? जस्ताच्या किंवा तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, सुईनं रेघ मोकळी करायची, पत्रा आम्लात सोडायचा, मग शाई भरून पुसायची आणि ओलसर कागद वर ठेवून जड प्रेसखालून काढायचा. मंडईमागच्या तिच्या घराच्या दोन खोल्यांत आम्लाचा टब कुठं ठेवणार? लिथोग्राफीला तर चुनखडीचा दगड लागतो. एक चित्र छापून झालं की तो घासून परत कोरा करायचा. हे घरात होत नाही, एकट्याच्या खिशालाही परवडत नाही. वाईट याचं वाटतं, की ही कला पुण्याला परकी नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७८ मध्ये पुण्यात चित्रशाळा हा छापखाना काढला. तिथले रंगीत शिळाछाप घराघरांत गेले. रविवर्म्याचा छापखाना मुंबईहून लोणावळ्याजवळ मळवलीला आला. ज्या परिसरात दगडावरून चित्रं छापून देशभर गेली, तिथल्या मुलीला आज प्रेस मिळावा म्हणून गाव सोडावं लागतं.

मामा : गाव सोडायलाच हवं असं नाही. कर्वे रस्त्याला एसएनडीटीत चित्रकलेचा पदव्युत्तर विभाग आहे. मुंबईत जे.जे. आहे.

भाची : दोन्ही ठिकाणी चौकशी करायला सांगितलीय. एकाच ठिकाणी अर्ज करून वर्ष टांगणीला लावू नये. जे.जे. १८५७ चं, २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठ झालं. बडोदा आहे, शांतिनिकेतनचं कलाभवन आहे, हैदराबादचं विद्यापीठ आहे. प्रत्येकाची प्रवेशाची रीत वेगळी. कुठं लेखी परीक्षा, कुठं समोर बसून काम करायचं, मुलाखत मात्र बहुतेक ठिकाणी. म्हणून अर्ज भरण्याआधी तिथं एकदा स्वतः जावं. शिक्षकांना भेटायच्या आधी स्टुडिओ बघावेत. संध्याकाळी उशिरा तिथं दिवे चालू असतात का, प्रेसवर शाई ताजी आहे का, वरच्या वर्गातली मुलं एकमेकांच्या कामावर बोलतात का, एवढं पाहिलं तरी पुष्कळ कळतं.

मामा : पोर्टफोलिओ लावून दे म्हणून ती माझ्याकडंच आली होती. मी तिची उत्तम पंधरा कामं काढली. दोन व्यक्तिचित्रं, शनिवारवाड्याचं जलरंग, एक स्थिरचित्र, दोन हमाल, ओंकारेश्वराचा घाट. सगळं येतं हे दिसायला हवं.

भाची : इथं मी तुझ्या अगदी उलट टोकाला आहे. सगळं येतं हे बी.एफ.ए.ला दाखवायचं. इथं दाखवायचं की आपल्याला एका गोष्टीनं धरलंय आणि ती अजून सुटलेली नाही. मी व्यक्तिचित्रं बाजूला ठेवली असती. हमाल दहा लावले असते, त्यांत दोन फसलेलेही. स्केचबुक जोडलं असतं, भाजीच्या पट्ट्यांच्या मागं काढलेली रेखाटनं जोडली असती. प्रवेश देणाऱ्याला दोन वर्षांचा सोबती निवडायचा असतो. ज्याचं सगळं जमून गेलंय त्याला तो शिकवणार काय?

मामा : फसलेलं काम परीक्षकापुढं ठेवायचं, हे माझ्या अंगवळणी पडणार नाही. शाळेत आम्ही इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षेला मुलांना स्वच्छ कागद द्यायला शिकवायचो.

भाची : ती शिस्त खोटी नाही. त्या शिस्तीतून आलेली मुलगीच फसलेलं काम ओळखू शकते. आणि एकाच गोष्टीनं धरलेल्या माणसाचं उदाहरण हवं तर कोळशाच्या खाणीजवळच्या गावातून आलेल्या प्रभाकर पाचपुतेचं घे. चंद्रपूर जिल्ह्यातला. घरच्यांनी खाणीत काम केलेलं. खैरागडला शिल्पकलेत बी.एफ.ए. केलं, २०११ मध्ये बडोद्याहून पदव्युत्तर झाला. त्यानं हातात कोळसाच घेतला आणि भिंतीभर खाणकामगार काढले. पुढं वेल्समधल्या ‘आर्टेस मुंडी’ या मोठ्या पारितोषिकाच्या मानकऱ्यांत त्याचं नाव आलं. वेल्स हाही एके काळी कोळशाच्या खाणींचा देश. त्याचा विषय त्याला विद्यापीठानं दिला नाही, तो घरातूनच आला. पण त्या विषयाकडं वळून बघायला लागणारं अंतर आणि वेळ त्याला शिक्षणाच्या वर्षांत मिळाला, असं मला वाटतं.

मामा : अंतर आणि वेळ. हे त्या वडिलांना समजावून सांगता येईल. पण ही मुलं तिथं जाऊन गप्प बसतात, त्याचं काय? मराठी माध्यमातली, इंग्रजीत चर्चा सुरू झाली की मान खाली घालतात. उद्देशपत्र कुणाकडून तरी लिहून घेतात. त्यात मुलगी कुठंच नसते.

भाची : ही अडचण मोठी आहे, मी ती कमी लेखणार नाही. अनेक ठिकाणी ज्याचं इंग्रजी सफाईदार त्याचं चित्र खोल समजलं जातं. म्हणून मी तिला उद्देशपत्र आधी मराठीत लिहायला लावलंय. पहिल्या मसुद्यात "कला हा माझा श्वास आहे" असं होतं. ते काढायला लावलं. दुसऱ्यात तिनं लिहिलं की वडील पहाटे गाळ्यावर जातात तेव्हा त्यांना हमालाचा चेहरा दिसत नाही, पोत्याखालची पाठ दिसते. ते वाक्य तिचं आहे. त्याचं साध्या इंग्रजीत रूपांतर करायला मी मदत करीन, पण विचार तिचाच राहील. आणि तिथं गेल्यावर गरज पडली तर हिंदीत बोलावं, हातवारे करून बोलावं, पण बोलावं.

मामा : पोत्याखालची पाठ… म्हणजे त्या मोठ्या पाठी तिथून आल्या होत्या. मला तिनं हे सांगितलं नव्हतं.

भाची : तू प्रमाण चुकलंय म्हणालास, मग ती कशी सांगणार?

मामा : ठीक आहे. पण पैशाचं बोल. हल्ली लंडन, न्यूयॉर्कची स्वप्नं दाखवणारे पुष्कळ आहेत. तिच्या वर्गातली दोघं कर्ज काढून निघालीत.

भाची : परदेशी पदवीसाठी मोठं कर्ज काढू नये, हे माझं ठाम मत आहे. जे. एन. टाटा एंडोमेंटसारखी १८९२ पासून चालत आलेली संस्था आहे, पण तीही कर्जरूपानंच शिष्यवृत्ती देते. डॉक्टरला कर्ज फेडता येतं, कारण त्याची कमाई ठरलेली असते. चित्रकाराच्या मानेवर हप्ता बसला की पहिला बळी जातो तो चित्राचा. भारतातल्या सरकारी विद्यापीठात फी त्या मानानं पुष्कळ कमी असते, वसतिगृह असतं. तिनं तिथंच जावं. पूर्ण शिष्यवृत्ती मिळाली तरच पुढचं बोलू.

मामा : इथं आपलं जमलं. आता माझा शेवटचा मुद्दा. तिनं एक वर्ष थांबावं. घरी बसून काम करावं, स्वतःला पारखावं, मग अर्ज करावा. मुलाला मी हाच सल्ला दिला असता.

भाची : मुलाला दिला असतास, मुलीला देऊ नकोस. मुलगा वर्षभर घरी बसला तर लोक म्हणतात, काहीतरी करतोय. मुलगी घरी बसली की दुसऱ्याच महिन्यात स्थळं यायला लागतात. माझ्याबरोबरच्या किती मुलींचे ब्रश असे पेटीत गेले, तुला ठाऊक आहे. "चित्रं काढते" या उत्तरानं कुणी थांबत नाही. "एम.एफ.ए. करते" म्हटलं की नातेवाईक दोन वर्षं गप्प बसतात. प्रबंध द्यायचाय, वर्षअखेरीचं प्रदर्शन लावायचंय, परीक्षा आहे, हे आपल्या समाजाला कळतं. शिकणाऱ्या माणसाचा वेळ आपण मानतो. काढणाऱ्या माणसाचा मानत नाही. म्हणून पदवीच्या नावानं तो वेळ मागून घ्यावा लागतो. श्रीमंताला तो घरातून मिळतो, डॉक्टरला पगारातून मिळतो. या मुलीला तो विद्यापीठाशिवाय दुसरीकडं कुठंच मिळणार नाही.

मामा : शाळेत मी इतकी वर्षं शिकवलं. सगळ्यात चांगला हात बहुतेक वेळा मुलीचाच असायचा. त्या पुढं कुठं गेल्या, याचा मी फारसा शोध घेतला नाही. तुझं म्हणणं मान्य. तिनं याच वर्षी अर्ज करावा. पण पदवी मिळाल्यावर दुसऱ्या दिवशी काय? प्रेस तिथंच राहणार, मित्र गावोगाव पांगणार, ती परत मंडईमागच्या दोन खोल्यांत. तुझी सगळी बाजू त्या दिवशी कोसळते.

भाची : कोसळत नाही, पण उघडी पडते. पदवीचं हे सगळ्यात कच्चं अंग आहे. दोन वर्षं सगळं पुरवायचं आणि मग रस्त्यावर सोडायचं. ललित कला अकादमीनं दिल्लीत गढीला १९७६ पासून कलाकारांसाठी सामायिक स्टुडिओ चालवले, तिथं ग्राफिकची सोय केली. तसं काही पुण्यात हवं. चार-पाच जणांनी मिळून एक जुना प्रेस घेतला आणि एक गाळा भाड्यानं घेतला, तर खर्च वाटला जातो. ती जाईल तेव्हाच तिला हे सांगायला हवं, की तिथं फक्त प्लेट करायला शिकू नकोस. प्रेस कसा दुरुस्त करायचा, आम्ल कसं सांभाळायचं, छापाच्या आवृत्तीवर क्रमांक कसे घालायचे, हिशेब कसा ठेवायचा, हेही शिकून ये.

मामा : गाळ्याचं मी बघतो. आणि ती परत यायची वाट कशाला बघायची? महिन्यातून एकदा माझ्या घरी पाच-सहा जणांनी यावं. एकानं काम लावायचं, इतरांनी बोलायचं, लावणाऱ्यानं आधी ऐकून घ्यायचं. मीही "प्रमाण चुकलंय" एवढं म्हणून थांबणार नाही. आणि खरं सांगू? असं नीट चाललं तर निम्म्या मुलांना बाहेर जायची गरजच पडणार नाही.

भाची : निम्म्यांना पडणार नाही, हे मी मानते. ज्यांच्या घरात त्यांच्या कामाला खोली आहे आणि ज्यांचा वेळ कुणी हिशेबात धरत नाही, त्यांना हा गट पुरेल. उरलेल्या निम्म्यांसाठी विद्यापीठ हवंच. त्यांच्यासाठी तिथल्या जागा वाढायला हव्यात, वसतिगृहं वाढायला हवीत, शिष्यवृत्ती वेळेवर हातात पडायला हवी.

मामा : त्यासाठी अर्ज, निवेदनं, खेटे, जे लागेल ते मी करीन. निवृत्त माणसाकडं वेळ आहे, आणि तो मला कुणाकडून मागून घ्यावा लागत नाही.